कित्ता गिरवणारा चित्रकार : एडगर देगा



‘कॉपी’ हा शब्द आपल्या शाळांमधून अगदी बदनाम झालेला आहे. परीक्षेतल्या कॉपीबद्दल तर बोलायलाच नको, पण चित्रकलेच्या तासालाही एखादं मूल समोरचं चित्र बघून काढायला लागलं, की आपण पटकन म्हणतो, बघून काढू नकोस, मनाने काढ. पालकसभेतही हा विषय निघतोच. मुलगा छान चित्रं काढतो, पण सगळी बघून काढतो, स्वतःचं काहीच सुचत नाही, अशी काळजी पालक बोलून दाखवतात. दुसरीकडे आपल्याच भाषेत ‘कित्ता गिरवणे’ असा एक चांगला शब्दप्रयोग आहे. पाटीवर आईने किंवा बाईंनी काढून दिलेल्या ‘ग’ वरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवतच आपण सगळे लिहायला शिकलो. तेव्हा कुणी आपल्याला मनाने ‘ग’ काढ असं म्हटलं नाही.

मग बघून काढणं चांगलं की वाईट? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज मी तुम्हाला एका चित्रकाराच्या आयुष्यात घेऊन जाणार आहे. त्याचं नाव एडगर देगा. आपल्याकडच्या पुस्तकांत ते ‘देगास’ असंही छापलेलं असतं, पण फ्रेंचमध्ये शेवटच्या ‘स’चा उच्चार होत नाही. बॅले नाचणाऱ्या मुलींची चित्रं काढणारा चित्रकार म्हणून तुम्ही त्याला ओळखत असाल. कॅलेंडरवर, वहीच्या मुखपृष्ठावर ती चित्रं कधी ना कधी पाहिलीच असतील. पण या नर्तकींपर्यंत पोहोचण्याआधी हा माणूस अनेक वर्षं दुसऱ्यांची चित्रं बघून काढत होता, आणि तीही मुख्यतः चारशे वर्षांपूर्वीची धार्मिक चित्रं! ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती आज सांगतो.

बँकवाल्याचा मुलगा

देगाचा जन्म १९ जुलै १८३४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील ओग्युस्त हे बँकेचा व्यवसाय करणारे. त्यांचं मूळ घराणं इटलीत नेपल्सला स्थायिक झालेलं होतं. आई सेलेस्तीन हिचं माहेर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं. पाच भावंडांत एडगर सगळ्यात मोठा. तो तेरा वर्षांचा असताना, १८४७ मध्ये आई वारली. वडिलांनीच मुलांना वाढवलं.

वडील बँकवाले असले तरी रसिक होते. त्यांच्या घरी गाण्याबजावण्याच्या बैठकी होत. जुनी चित्रं जमवणारे संग्राहक त्यांच्या ओळखीचे होते आणि अशा लोकांच्या घरी ते मुलाला सोबत घेऊन जात. पालकांनो, इथे जरा थांबून विचार करा. मुलगा चित्रकार व्हावा अशी या वडिलांची मुळीच इच्छा नव्हती. मुलाने वकील व्हावं असंच त्यांना वाटत होतं. पण चांगलं चित्र म्हणजे काय, हे त्यांनी मुलाला दाखवून ठेवलं होतं. एकदा दाखवल्यावर मूल कुठे जाईल, हे मग आपल्या हातात राहत नाही.

लुई-ल-ग्रां या पॅरिसमधल्या नामांकित शाळेतून १८५३ मध्ये देगाचं शालेय शिक्षण संपलं. त्याच वर्षी त्याने दोन ठिकाणी नावं नोंदवली. वडिलांच्या समाधानासाठी कायद्याच्या अभ्यासक्रमाला, आणि स्वतःच्या समाधानासाठी, त्याच्याही आधी, लूव्ह्र संग्रहालयात. लूव्ह्रमधली नोंदणी कसली? तर तिथली चित्रं बघून काढण्याच्या परवान्याची. तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. कायद्याचा अभ्यास लवकरच सुटला. लूव्ह्र मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही.

संग्रहालय हीच शाळा

लूव्ह्र म्हणजे पूर्वीचा राजवाडा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये तो लोकांसाठी संग्रहालय म्हणून उघडला. अगदी सुरुवातीपासूनच तिथले काही दिवस चित्रकारांसाठी राखून ठेवलेले होते. त्यांनी यावं, ईझल म्हणजे चित्राची घोडी मांडावी आणि भिंतीवरचं चित्र बघून शिकावं, अशी ही व्यवस्था होती. परवाना घेऊन नक्कल करण्याची ही पद्धत तिथे आजही चालू आहे.

या व्यवस्थेचा एक मोठा फायदा झाला, तो मुलींना. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, १८९७ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. पण लूव्ह्रमध्ये नक्कल करायला मुलींना बंदी नव्हती. पुढे नामवंत झालेली बेर्त मोरिझो हिने १८५८ च्या सुमारास तिथेच व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराच्या, येशूला क्रूसावर दिल्याच्या चित्राची नक्कल केली. शाळेचा दरवाजा बंद होता, पण चित्राला त्याचं काही नव्हतं. समोर जो उभा राहील त्याला ते शिकवत होतं.

देगा १८५५ मध्ये एकोल दे बोझारमध्ये दाखल झाला खरा, पण तिथे फार रमला नाही. त्याचे गुरू लुई लामोत हे आंग्रच्या परंपरेतले. आंग्र म्हणजे त्या काळातला रेषेचा बादशहा. त्याच वर्षी देगाची या वृद्ध आंग्रशी भेट झाली. भरपूर रेघा काढ, समोर बघूनही काढ आणि आठवूनही काढ, अशा अर्थाचा सल्ला त्याला मिळाला. हा सल्ला त्याने जन्मभर सांभाळला आणि उतारवयातही तो ही भेट लोकांना सांगत असे. ‘बघून’ आणि ‘आठवून’ हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला लागणार आहेत.

इटलीतली तीन वर्षं

१८५६ मध्ये देगा इटलीला गेला. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून नव्हे, तर घरच्या पैशाने. नेपल्सला आजोबा होते, फ्लॉरेन्सला आत्या. नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स असं करत तो सुमारे तीन वर्षं तिथे राहिला. चर्चमधली भित्तिचित्रं, संग्रहालयातली चित्रं, पुतळे, जे दिसेल ते त्याने वहीत उतरवलं. कधी संपूर्ण चित्र, तर कधी नुसता एखादा हात, मान वळवलेला चेहरा, कापडाची एक चुणी. अशा त्याच्या शेकडो नकला आज उपलब्ध आहेत.

आणि वडील? ते पॅरिसहून पत्रं पाठवत होते. मुलगा आता वकील होत नाही हे त्यांनी मान्य केलं होतं. पत्रांतून ते त्याला पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकारांकडे नीट लक्ष द्यायला सांगत, आणि आता परत कधी येतोस, असंही विचारत. विरोध करणारा बाप हळूहळू मार्गदर्शक होत गेला.

याच काळात रोममध्ये त्याला गुस्ताव्ह मोरो हा वयाने थोडा मोठा फ्रेंच चित्रकार भेटला. तोपर्यंत देगाचं सगळं लक्ष रेषेवर होतं. मोरोने त्याला व्हेनिसच्या चित्रकारांच्या रंगांकडे बघायला शिकवलं. १८५९ मध्ये देगा पॅरिसला परतला तेव्हा त्याच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. मांतेन्या या जुन्या चित्रकाराची ती काटेकोर, मन लावून काढलेली आकृती आणि व्हेरोनेझेच्या रंगांची झळाळी, या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात आणता येतील का? त्याच्या वह्यांमधून हा विचार स्पष्ट दिसतो.

क्रूसाचं चित्र

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ. १८६१ च्या सुमारास देगाने लूव्ह्रमध्ये आंद्रेआ मांतेन्याच्या एका चित्रासमोर ईझल मांडलं.

मांतेन्या हा उत्तर इटलीतल्या पादुआ परिसरातला पंधराव्या शतकातला चित्रकार. व्हेरोना शहरातल्या सान झेनो चर्चसाठी त्याने १४५७ ते १४५९ च्या दरम्यान वेदीमागचं एक मोठं चित्र पूर्ण केलं. त्या मोठ्या चित्राच्या तळाशी तीन छोट्या चित्रांची एक पट्टी होती. मधलं चित्र येशूला क्रूसावर चढवल्याचं. ते जेमतेम पाऊण मीटर उंच आणि जवळपास एक मीटर रुंद आहे. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने हे सगळंच फ्रान्सला नेलं. पुढे मोठी चित्रं परत गेली, पण तळपट्टी फ्रान्समध्येच राहिली. मधलं चित्र लूव्ह्रमध्ये, बाजूची दोन तूर शहरातल्या संग्रहालयात. व्हेरोनाच्या चर्चमध्ये आज त्या जागी नकला बसवलेल्या आहेत!

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मध्ये उंच क्रूसावर येशू. दोन्ही बाजूंना क्रूसावर दिलेले दोन चोर. डावीकडे मूर्च्छा येऊन कोसळणारी मरिया आणि तिला सावरणाऱ्या बायका, शेजारी हात जुळवून उभा असलेला शिष्य योहान. उजवीकडे मात्र सैनिक येशूच्या कपड्यांसाठी फासे टाकत बसलेले. एका बाजूला आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख, आणि चार पावलांवर रोजच्यासारखा जुगार. मागे डोंगरावर जेरुसलेम शहर. पायाखाली दगडी फरसबंदी, तिच्या फटी दूर दूर जाताना लहान होत गेलेल्या. आणि अगदी पुढे, चौकटीच्या खालच्या कडेला, खालून वर येणाऱ्या सैनिकांची फक्त डोकी आणि छाती दिसते. बाकीचं शरीर चौकटीने कापलेलं.

असं चित्र बघून काढायचं म्हणजे काय करायचं? इथे एक तांत्रिक अडचण आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. मांतेन्याचं चित्र तैलरंगातलं नाही. ते लाकडी फळीवर टेम्पेरा पद्धतीने, म्हणजे साधारणपणे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाने रंगवलेलं आहे. टेम्पेरा झटकन वाळतो. रंग एकमेकांत मिसळून पसरवता येत नाही. बारीक बारीक रेघा शेजारी शेजारी मारूनच छटा तयार करावी लागते. देगाच्या हातात मात्र तैलरंग होते आणि समोर कॅनव्हास. तैलरंग हळू वाळतो, ओल्यात ओला मिसळतो, पातळ करून काचेसारखा एकावर एक चढवता येतो. म्हणजे मूळ चित्रकाराने जसं केलं, तसंच करणं देगाला शक्यच नव्हतं. मांतेन्याने बारीक रेघांनी जे साधलं, ते तेलातल्या रंगाने कसं साधायचं, याचं उत्तर त्याला दर इंचाला स्वतः शोधावं लागत होतं.

म्हणून ही नक्कल झेरॉक्ससारखी झाली नाही. रचना मांतेन्याची, माणसं जागच्या जागी, पण हात देगाचा. मूळ चित्रात प्रत्येक दगड, प्रत्येक केस कोरून काढल्यासारखा आहे. देगाच्या प्रतीत ब्रश मोकळा फिरला आहे, बारीक तपशील त्याने सोडून दिले आहेत. रेष मांतेन्याकडून आणि रंगाचा मोकळेपणा व्हेनिसकडून, या त्याच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर तो इथे हाताने शोधत होता.

ही प्रत आज तूरच्या संग्रहालयात आहे. म्हणजे जिथे तळपट्टीची बाजूची दोन अस्सल चित्रं आहेत, तिथेच मधल्या चित्राची देगाने केलेली नक्कल!

तैलरंग शिकायला नक्कल का उपयोगी?

चित्रकलेच्या शिक्षकांना हे माहीत असेलच, पण इतर विषयांच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी थोडं सांगतो. तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलासारख्या वाळणाऱ्या तेलात घोटलेली असते. पाणी उडून जातं तसं हे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून ते हळूहळू घट्ट होतं. म्हणून पातळ थर वाळायला काही दिवस, तर जाड थराला महिनेही लागतात. यातूनच एक नियम येतो. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा ओलाच राहून हलतो आणि चित्राला तडे जातात.

याचा अर्थ असा, की तैलचित्र हे एका बैठकीत उरकायचं काम नाही, ते मजल्यामजल्याने बांधायचं काम आहे. आधी रेखाटन, मग एका रंगात उजेड-सावलीचा थर, मग अंगचे रंग, शेवटी पारदर्शक थर आणि उजेडाचे ठिपके. नवशिक्याला एकाच वेळी विषयही सुचायला हवा, रचनाही जमायला हवी, रंगही जुळायला हवा आणि हे थरांचं गणितही सांभाळायला हवं. बिचारा गांगरून जातो. नक्कल करताना विषय आणि रचना हे दोन भार दुसऱ्याने उचललेले असतात. विद्यार्थ्याला फक्त एवढंच विचारायचं असतं, हे त्याने कसं केलं असेल? गणितात आपण आधी सोडवून दाखवलेलं उदाहरण देतो, तसंच हे.

पण धोकाही आहे

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग काय, मुलांना नकलाच करू द्याव्यात! थांबा. देगाच्या आयुष्याची दुसरी बाजूही बघायला हवी.

इटलीहून परतल्यावर देगाने जुन्या उस्तादांसारखी मोठमोठी ऐतिहासिक आणि बायबलमधल्या विषयांची चित्रं काढायला घेतली. प्राचीन स्पार्टाची मुलं-मुली, राणी सेमिरामिस, इफ्ताहाची मुलगी. प्रत्येकासाठी ढीगभर रेखाटनं केली. चित्रं पुन्हा पुन्हा खोडली, बदलली. काही पूर्ण झालीच नाहीत. १८६५ मध्ये मध्ययुगातल्या युद्धाचं एक चित्र सरकारी प्रदर्शनात, म्हणजे सालाँमध्ये लागलं, पण त्याची विशेष दखल कुणी घेतली नाही. देगा तेव्हा तिशी ओलांडलेला होता. हात तयार होता, नजर तयार होती, पण सांगायचं काय, ते अजून उसनंच होतं. कित्त्यातून बाहेर पडायचा रस्ता सापडत नव्हता.

तो रस्ता सापडायला मदत झाली, तीही लूव्ह्रमध्येच. १८६२ च्या सुमारास देगा तिथे व्हेलाझ्क्वेझच्या नावे असलेल्या एका छोट्या राजकन्येच्या चित्राची नक्कल करत होता. कागदावर न काढता थेट तांब्याच्या पत्र्यावर तो रेघा मारत होता. एक तरुण ते बघून थक्क होऊन थांबला. तो होता एदुआर माने, देगापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोघांची ओळख झाली, मैत्री झाली, भांडणंही पुष्कळ झाली. मानेच्या मंडळींचं म्हणणं असं, की आपल्या काळातल्या पॅरिसची माणसं रंगवा. कॅफे, रस्ते, घोड्यांच्या शर्यती, नाटकगृहं. देगाने हळूहळू राण्या आणि योद्धे सोडले आणि आजूबाजूला बघायला सुरुवात केली.

आता गंमत बघा. १८७० च्या सुमारास त्याने ऑपेरातल्या वाद्यवृंदाचं चित्र काढलं. पुढे अगदी जवळ वादक, त्यांची शरीरं खालच्या चौकटीने कापलेली. मागे रंगमंचावर नर्तकी, पण त्यांची डोकी वरच्या चौकटीने कापलेली, फक्त झगे आणि पाय दिसतात. लोकांना हे फार नवीन, फोटोसारखं वाटलं. मला मात्र हे चित्र पाहिलं की मांतेन्याच्या चित्रातले ते खालच्या कडेला कापलेले सैनिक आठवतात. देगाने तिथूनच हे घेतलं असं सिद्ध करता येणार नाही. पण जो हात कधीकाळी ती कापलेली डोकी मन लावून रंगवून बसला होता, त्याला चौकटीने माणूस कापायची भीती वाटली नाही, एवढं नक्की म्हणता येईल.

स्वतःचाच कित्ता

१८७० च्या युद्धात देगा पॅरिसच्या रक्षणासाठी नॅशनल गार्डमध्ये भरती झाला. तिथे नेमबाजीच्या वेळी लक्षात आलं, की उजव्या डोळ्याला नीट दिसत नाही. चित्रकाराच्या बाबतीत याहून वाईट बातमी कोणती? तिथून पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तो ही भीती घेऊन जगला.

१८७४ मध्ये वडील वारले आणि घरची बँक कर्जात बुडाल्याचं उघड झालं. भावाच्या कर्जाचीही भर पडली. घराण्याची अब्रू राखण्यासाठी देगाने घर आणि जमवलेली चित्रं विकली. आता चित्रं विकूनच पोट भरायचं होतं. त्याच वर्षी त्याने आणि मोने, रेन्वार, मोरिझो वगैरे मित्रांनी मिळून स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. तेच पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणून प्रसिद्ध झाले. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शनं झाली, त्यातल्या सातांत देगा होता. पण उघड्यावर बसून झरझर चित्र रंगवणं त्याला मान्य नव्हतं. तो स्टुडिओत बसून, आठवून, पुन्हा पुन्हा काढणारा. आंग्रच्या सल्ल्यातला तो दुसरा शब्द आठवला ना?

इथे कित्त्याची गोष्ट एक वेगळंच वळण घेते. पुढच्या काळात देगा पारदर्शक कागद घेऊन स्वतःचीच जुनी चित्रं गिरवू लागला! पाठ खाजवणारी नर्तकी, केस विंचरणारी बाई, अशी एकच आकृती तो पुन्हा उतरवून घ्यायचा. कधी उलटी करायचा, कधी मोठी, कधी दुसऱ्या आकृतीशेजारी ठेवायचा. दर वेळी थोडासा फरक. रोज बारला धरून तीच हालचाल शंभर वेळा करणाऱ्या मुली त्याला एवढ्या जवळच्या का वाटल्या असतील, हे इथे कळतं. दुसऱ्यांची चित्रं गिरवताना लागलेली सवय त्याची स्वतःची पद्धत झाली होती. नजर मंदावत गेली तसा तो तैलरंगाकडून खडूसारख्या पेस्टल रंगांकडे वळला, आणि मेणाच्या मूर्ती करू लागला. डोळ्यांचं काम बोटं करू लागली.

गुरूच्या भूमिकेत

साठी ओलांडल्यावर, १८९७ च्या सुमारास, देगा पुन्हा लूव्ह्रमध्ये मांतेन्यासमोर येऊन उभा राहिला. या वेळी सोबत एक शिष्य होता. शाळासोबती आंरी रुआर याचा मुलगा एर्नेस्त. दोघांनी मांतेन्याच्या, सद्गुणांच्या बागेतून दुर्गुणांना हाकलून लावणाऱ्या देवीच्या चित्राची नक्कल करायला घेतली.

देगाचा आग्रह असा, की जुन्या उस्तादांसारखं आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा. जुन्या इटालियन चित्रांत कातडीच्या रंगाखाली असा हिरवा थर असे. त्यावर लालसर पातळ थर चढला, की हिरवा आणि लाल एकमेकांना शांत करतात आणि जिवंत कातडीचा रंग तयार होतो. शिष्याने निमूटपणे हिरव्या मातीने चित्र मांडलं. देगा आला आणि हे फारच मळकट झालं म्हणाला. अजून हिरवं हवं! शेवटी ते चित्र कच्च्या सफरचंदासारखं इतकं हिरवंगार झालं, की लूव्ह्रमधले बाकीचे नक्कल करणारे आणि येणारे-जाणारे थांबून बघू लागले. मग ते कित्येक महिने वाळत ठेवायचं! एर्नेस्त रुआरने ही हकिगत पुढे कवी पॉल व्हालेरीला सांगितली आणि त्याने ती लिहून ठेवली.

ही गोष्ट हसण्यासारखी आहे, पण मला ती शिक्षक म्हणून फार आवडते. जगभर नाव झालेला म्हातारा चित्रकार अजूनही मांतेन्याने हे कसं केलं असेल, हा तरुणपणीचा प्रश्न विचारतोय. आपली शैली शिष्याच्या गळ्यात मारत नाही, त्याला आपल्या गुरूंसमोर नेऊन उभा करतो आणि स्वतःही शेजारी बसून नक्कल करतो. याच एर्नेस्तने पुढे १९०० मध्ये ज्युली माने हिच्याशी लग्न केलं. ती कोण? लूव्ह्रमध्ये क्रूसाच्या चित्राची नक्कल करणाऱ्या त्या बेर्त मोरिझोची मुलगी.

चरित्र सांगताना एक गोष्ट लपवू नये. देगा स्वभावाने तिखट होता आणि त्याच काळात ड्रेफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्यावरच्या खोट्या खटल्याने फ्रान्स दुभंगला, तेव्हा तो ज्यूद्वेष्ट्यांच्या बाजूला गेला. शाळेपासूनचा मित्र ल्युदोव्हिक हालेव्ही आणि त्याचं कुटुंब यांच्याशी त्याने संबंध तोडले. एवढं बारकाईने बघणारी नजर इथे मात्र आंधळी ठरली. मोठ्या कलावंताची कला शिकावी, त्याचं सगळंच गिरवू नये, हेही मुलांना सांगायला हवं.

शेवटची वर्षं त्याने जवळजवळ अंधत्वात काढली. २७ सप्टेंबर १९१७ रोजी, पहिलं महायुद्ध चालू असताना, पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या स्टुडिओतल्या वस्तूंचे लिलाव झाले. नर्तकींच्या चित्रांबरोबर त्यात तरुणपणच्या नकलाही होत्या. त्याने त्या जन्मभर जवळच ठेवल्या होत्या.

आपण वर्गात काय करू शकतो?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बघून काढणं चांगलं की वाईट? देगाचं आयुष्य सांगतं, की मूल बघून काढतंय की मनाने, याला फारसं महत्त्व नाही. ते बघताना काही विचारतंय का, याला महत्त्व आहे. परीक्षेतली कॉपी विचार टाळण्यासाठी असते, चित्राची नक्कल विचार करण्यासाठी असावी. त्यासाठी काही सोप्या गोष्टी सुचवतो.

१. पेन्सिल हातात देण्याआधी दहा मिनिटं नुसतं चित्र बघू द्या. उजेड कुठून येतोय, सगळ्यात गडद जागा कोणती, चौकटीने काय कापलंय, असे प्रश्न विचारा.

२. नेहमी संपूर्ण चित्र नको. एक हात, एक चेहरा, कापडाची एक घडी पुरते.

३. माध्यम बदला. तैलचित्राची नक्कल पेन्सिलने किंवा पोस्टर कलरने करायला सांगा. माध्यम बदललं की आंधळी नक्कल करताच येत नाही.

४. नक्कल झाली की मूळ चित्र झाका आणि तेच पुन्हा आठवून काढायला सांगा. बघून आणि आठवून, दोन्ही!

५. नकलेखाली मूळ चित्रकाराचं नाव लिहायला लावा. अमुक यांच्या चित्रावरून, असं. देगाच्या नकलाही आज मांतेन्याच्या चित्रावरून अशाच नोंदीने ओळखल्या जातात. नक्कल आणि चोरी यातला फरक या एका ओळीत आहे.

६. दर तीन नकलांनंतर एक चित्र आपल्या आजूबाजूचं काढायला सांगा. शाळेचं मैदान, बसस्टॉप, स्वयंपाकघर. देगाला कित्त्यातून बाहेर यायला बरीच वर्षं लागली, आपल्या मुलांना तेवढी लागू नयेत.

७. मोठ्या मुलांना तैलरंग देणार असाल तर खोलीत हवा खेळती ठेवा. आणि तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळवा. विज्ञानाच्या तासालाही हे सांगता येईल.

पालकांनो, तुमचं मूल एखादं चित्र बघून काढत बसलं असेल तर त्याला लगेच हटकू नका. शेजारी बसा आणि विचारा, यातलं तुला काय काढायला सगळ्यात अवघड गेलं? त्याच्याकडे उत्तर असेल, तर ते नुसतं उतरवून घेत नाहीये, ते शिकतंय.